आपलेच हात पाहताना

सेमिनरीतील अखेरच्या वर्षांत आम्हाला प्रवचनकलेचा एक तास असे. नव्वदीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. आमचे प्राध्यापक फादर एके दिवशी खांद्यावर घ्यावयाचा एक अवजड व्हिडिओ कॅमेरा घेऊन वर्गात आले. प्रत्येकाने सात मिनिटांचे प्रवचन करावयाचे, त्याचे चित्रण व्हावयाचे, आणि पुढील तासाला सर्वांनी मिळून ते पाहावयाचे, असा त्यांचा बेत होता. प्रवचन संपताच त्यांनी प्रत्येकाच्या हाती कागदाचा एक चिटोरा दिला आणि सांगितले, "चित्रफीत पाहण्यापूर्वी लिहून ठेवा. आपले कसे झाले असे वाटते?"

मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते : 'श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून बोललो. हातवारे संयमित होते. आवाज स्पष्ट होता.' पुढच्या तासाला फादरांनी आवाज पूर्ण बंद करून चित्रफीत लावली. पडद्यावर एक तरुण उभा होता. त्याची नजर बहुतेक वेळ छतावरच्या पंख्याकडे होती आणि उजव्या हाताची बोटे झग्याचे एकच बटण अविरत चाळवीत होती. वर्गात हशा पिकला. मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. लोक हसले याचे दुःख नव्हते. कागदावर जे लिहिले होते ते मी खोटे लिहिलेले नव्हते, ही गोष्ट मला छळत होती. मला खरोखरच तसे वाटले होते.

ही पद्धत आमच्या फादरांनी शोधून काढलेली नव्हती, हे मला पुढे कळले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३च्या सुमारास ड्वाइट अॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भावी शिक्षकांसाठी 'मायक्रोटीचिंग' नावाची रीत सुरू केली होती. मोजके विद्यार्थी, मोजकी मिनिटे, एकच कौशल्य, त्याचे चित्रण, मग ते पाहून चर्चा, आणि पुन्हा तोच पाठ. आपल्याकडील अध्यापक महाविद्यालयांतूनही ही रीत 'सूक्ष्म अध्यापन' या नावाने रुजली. मात्र ती प्रवचनपीठावरून रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोहोचलेली मला पाहावयास मिळेल आणि तेथून ती पुन्हा माझ्याच दारात येऊन उभी राहील, असे त्या रात्री मला वाटले नव्हते.

गेली काही वर्षे मी महिन्यातून दोनदा एका नर्सिंग महाविद्यालयात जातो. तेथील प्राचार्या एक धर्मभगिनी आहेत. विद्यार्थिनींना व्यवसायनीतीचे पाठ द्यावेत आणि कोणाला काही मन मोकळे करावयाचे असल्यास ऐकून घ्यावे, एवढेच माझे काम. मुली नाना ठिकाणच्या. वसईच्या आहेत, नाशिककडच्या आहेत, जव्हार-डहाणूच्या पाड्यांवरून आलेल्या आहेत. सर्व धर्मांच्या आहेत. तास संपल्यावर सिस्टरांनी एकदा मला त्यांची कौशल्य प्रयोगशाळा दाखविली. मला वाटले, काचेची नळकांडी व रसायने असतील. तेथे तर एक संपूर्ण वॉर्डच होता! सहा खाटा, पडदे, सलाईनचे स्टँड, ड्रेसिंगची ट्रॉली. आणि खाटांवर निमूटपणे पडलेले रबरी पुतळे.

"फादर, आधी या पुतळ्यावर हात बसायचा, मग माणसावर," सिस्टर म्हणाल्या.

परिचर्येच्या शिक्षणात पुतळ्याची परंपरा बरीच जुनी आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचारिका विद्यालयासाठी १९११ साली मार्था चेस नावाच्या बाहुल्या बनविणाऱ्या बाईंच्या कारखान्यातून माणसाच्या उंचीची एक बाहुली तयार होऊन आली. 'मिसेस चेस' या नावाने ती ओळखली जाऊ लागली. रुग्णाला उचलणे, कूस बदलणे, कपडे घालणे हे मुली तिच्यावर शिकत. १९६० साली नॉर्वेतील लेर्डाल या खेळणी बनविणाऱ्या उद्योजकाने कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकविण्यासाठी 'अॅन' नावाची बाहुली घडविली. रुग्णाच्या जिवावर शिकू नये, आधी अन्यत्र चुकावे, ही या साऱ्यामागील माणुसकी.

परंतु बाहुलीचा एक मोठा दोष आहे. ती तक्रार करीत नाही. आणि परिचर्येतील काही चुका अशा आहेत की त्या रुग्णालाही कळत नाहीत, करणारीलाही कळत नाहीत. सिस्टरांनी मला शस्त्रक्रियेच्या जखमेवर पट्टी बदलण्याचे उदाहरण देऊन हे समजावले. निर्जंतुक कापडाचे पुडके उघडावयाचे, तर पहिली घडी आपल्यापासून दूर उलगडावयाची, म्हणजे आपला हात पुन्हा त्यावरून जाऊ नये. त्या कापडाच्या कडेची सुमारे अडीच सेंटिमीटर पट्टी अशुद्धच मानावयाची. निर्जंतुक मोजे घातलेले हात कमरेच्या खाली गेले की ते अशुद्ध झाले असे समजावयाचे. त्या ट्रेवरून हात ओलांडावयाचा नाही, तिच्याकडे पाठ करावयाची नाही. स्वच्छ जखम मध्यापासून बाहेरच्या बाजूला पुसावयाची, आणि एका बोळ्याने एकदाच. यातील एखादी गोष्ट चुकली तर त्या क्षणी काहीच घडत नाही. जखमेतून किंकाळी येत नाही. तीन-चार दिवसांनी ताप येतो, टाके लाल होतात. आणि तोवर ते कोणाच्या हातून झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

हे ऐकताना मला इग्नाझ सेमेलवाइस यांची आठवण झाली. १८४७ साली व्हिएन्नातील प्रसूतिगृहाच्या एका विभागात बाळंतिणी मोठ्या संख्येने ज्वराने मरत होत्या. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात हे प्रमाण शंभरात अठरापर्यंत गेले होते. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांवाटेच हा मृत्यू येतो, हे सेमेलवाइस यांनी ओळखले आणि क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम केला. काही आठवड्यांतच प्रमाण शंभरात दोनच्या आसपास उतरले. तरीही अनेक नामांकित डॉक्टरांना ते पटले नाही. ते दुष्ट होते असे नव्हे. आपले हात कोणाचा जीव घेऊ शकतात हे मान्य करणे सज्जन माणसाला फार जड जाते. हात तर स्वच्छ दिसत होते!

सिस्टरांच्या महाविद्यालयात यावर जो उपाय योजला आहे, तो असा. प्रथम शिक्षिका स्वतः पट्टी बदलून दाखवितात आणि त्याचे चित्रण मुलींना दिले जाते. वसतिगृहात बसून त्यांनी ते हवे तितक्या वेळा पाहावे, थांबवून पाहावे. तीस मुलींच्या घोळक्यात मागे उभ्या राहिलेल्या मुलीला पूर्वी शिक्षिकेची पाठच दिसे. आता प्रत्येकीला हात दिसतात. मग सराव. मग एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक मुलीने एकटीने ते काम करावयाचे, आणि तिपाईवर बसविलेल्या साध्या मोबाईलवर त्याचे चित्रण व्हावयाचे. खाटेवर एखादी वर्गमैत्रीण रुग्ण म्हणून निजते आणि तिच्या पोटावर कृत्रिम जखमेची गादी बांधतात.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. काम संपताच, चित्रण पाहण्यापूर्वी, मुलगी एक तक्ता भरते. त्यात वीस बाबी असतात : हात धुतले का, रुग्णाला सांगितले का, पडदा ओढला का, निर्जंतुक क्षेत्र राखले का, काम करताना रुग्णाकडे लक्ष होते का. आठवेल तसे तिने खुणा करावयाच्या. मग चित्रण पाहून तोच तक्ता दुसऱ्या रंगाच्या शाईने पुन्हा भरावयाचा. शेवटी शिक्षिका आपला तक्ता समोर ठेवतात. गुणांची बेरीज हा त्या चर्चेचा विषय नसतो. तीन तक्ते जेथे जुळत नाहीत, तेवढ्यावरच बोलणे होते. मग आठवड्याने पुन्हा तेच काम, पुन्हा चित्रण.

खऱ्या रुग्णाचे चित्रण कधीही करावयाचे नाही, हा तेथील कडक नियम आहे. मुलीचे चित्रणही तिच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणाला दाखवीत नाहीत आणि काम झाल्यावर ते पुसून टाकतात.

परीक्षेचे हे रूप एकाएकी आलेले नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे परिचारिका विद्यालय लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली सुरू झाले. तेथे मेट्रन प्रत्येक शिकाऊ मुलीविषयी दरमहा एक तक्ता भरीत. त्यात कामातील प्रावीण्य असे, तसेच स्वभावही असे. पण तो तक्ता मेट्रनच्या हातचा होता. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्यांची परीक्षा मांडली. प्रत्येक टप्प्यावर एक काम, तेच निकष, तोच वेळ; परीक्षकाच्या लहरीला कमीत कमी वाव. १९९० साली जॉर्ज मिलर यांनी एक पिरॅमिड रेखाटला. तळाशी 'ठाऊक आहे', त्यावर 'कसे करावे हे ठाऊक आहे', त्यावर 'करून दाखवितो' आणि शिखरावर 'प्रत्यक्षात करतो'. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या बी. एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातही कौशल्य प्रयोगशाळेतील सरावाला मानाचे स्थान मिळाले आहे. मेट्रनच्या तक्त्याशेजारी मुलीचा स्वतःचा तक्ता येऊन बसला, ही मला या दीडशे वर्षांतील मोठी गोष्ट वाटते.

माणूस स्वतःविषयी किती चुकतो, याचाही शास्त्रज्ञांनी मागोवा घेतला आहे. कॉर्नेल विद्यापीठातील डेव्हिड डनिंग व जस्टिन क्रुगर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांना एखादे काम कमी येते त्यांना आपण पुष्कळ चांगले करतो असे वाटते. कारण चूक ओळखावयासही तेच ज्ञान लागते, जे त्यांच्याजवळ नसते. याच अभ्यासाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. ज्यांना काम सर्वांत चांगले येत होते, ते स्वतःला इतरांच्या मानाने कमी लेखत होते.

ही दुसरी बाजू मी डोळ्यांनी पाहिली. जव्हारकडची एक मुलगी होती. मराठी बोलतानाही दबकत बोले. पट्टी बदलण्याचे काम झाल्यावर तिने स्वतःच्या तक्त्यावर वीसपैकी आठच खुणा केल्या होत्या. शिक्षिकेने चित्रण लावले आणि तिला प्रत्येक बाब वाचावयास लावली. निर्जंतुक क्षेत्र? राखले आहे. बोळे? एकेकच वापरले आहेत. रुग्णाशी बोलणे? प्रत्येक वेळी आधी बोलून मग हात लावला आहे. सतरा खुणा झाल्या. मुलगी पडद्याकडे पाहतच राहिली आणि म्हणाली, "सिस्टर, ही मीच का?" तिचे कौतुक शिक्षिकांनी पूर्वीही केले असेल, पण कौतुक हे दयेपोटीही असू शकते, हे गरीब मुलीला लवकर कळते. चित्रणाला दया नसते. म्हणूनच त्याने दिलेली साक्ष तिने मानली.

दुसरी मुलगी आमच्याच धर्मग्रामातली. हुशार, चटपटीत, गायनमंडळात पुढे. तिने स्वतःच्या तक्त्यावर अठरा खुणा केल्या होत्या. चित्रण पाहिल्यावर त्या बारा राहिल्या. शिक्षिकेच्या तक्त्यात अकरा. गळ्यातील ओळखपत्राची दोरी वाकताना ट्रेवरून झुलली होती. चिकटपट्टीची वाट पाहताना मोजे घातलेले हात नकळत कमरेखाली गेले होते. एवढ्याने ती डगमगली नसती. परंतु जुनी पट्टी ओढताना खाटेवरच्या मैत्रिणीने, 'जरा थांब' अशा अर्थाने, चादरीवरून हात थोडासा वर उचलला होता. पडद्यावर तो स्पष्ट दिसत होता. त्या वेळी हिची नजर चिमट्यावर होती. तक्त्यातील 'काम करताना रुग्णाकडे लक्ष होते का' या बाबीसमोर हिने ठसठशीत खूण केली होती.

त्याच रविवारी संध्याकाळी ती धर्मगुरूनिवासात आली. म्हणाली, "फादर, मला नर्सिंग सोडायचं आहे."

मी तिला बसावयास सांगितले. चुका सर्वांच्याच होतात, शिकण्यासाठीच तर हे सर्व आहे, इत्यादी जे अशा वेळी आम्ही बोलतो ते बोललो. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "ओळखपत्राचं काही नाही फादर, ते मी पिनेनं अडकवीन. पण तो हात... तसाच आजोबांनी पण उचलला होता."

मला काही उमजेना. तेव्हा तिने सांगितले ते असे. २०२१च्या मे महिन्यात, कोविडची दुसरी लाट सुरू असताना, तिचे आजोबा वार्धक्याने शेवटच्या घटका मोजीत होते. दोन मुलगे आखातात होते. विमाने बंद होती. मी रुग्णाभ्यंगासाठी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा परदेशातील काकांना पाहता यावे म्हणून हिने तो विधी मोबाईलवर टिपला होता. तेव्हा ती शाळकरी वयाची होती.

"आजोबांनी हात उचलला तो मला मोबाईलमध्ये दिसला होता, फादर," ती म्हणाली. "पण माझे दोन्ही हात मोबाईलला होते. म्हटलं, हलला तर काकांना नीट दिसणार नाही. मी तो हात धरला नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. म्हणून तर मी नर्सिंगला गेले. आणि इथं पण तेच केलं."

ते चित्रण अजून तिच्याजवळ होते. तिने ते मला दाखविले.

त्या घरी मी गेलो होतो ते मला चांगले आठवत होते. खरे सांगावयाचे तर, त्या भयंकर महिन्यात माझ्या हातून जी थोडी कामे मनासारखी झाली, त्यांत मी त्या भेटीची गणना करीत असे. धोका पत्करून गेलो होतो, प्रार्थना घाईने म्हटल्या नव्हत्या, घरच्यांना धीर दिला होता. माझ्या मनातील तक्त्यावर वीसपैकी वीस खुणा होत्या.

चित्रण साडेचार मिनिटांचे होते. मुखपट्टी बांधलेला एक धर्मगुरू खाटेपासून हातभर अंतरावर उभा आहे. तो पुस्तकातून वाचतो आहे. शब्द स्पष्ट आहेत, स्वर गंभीर आहे. म्हातारबुवांच्या कपाळाला व हातांना तो तेल लावतो. मग पुस्तकाचे पान उलटतो, आणि पान उलटताना मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो. त्याच क्षणी चादरीवरचा तो सुरकुतलेला हात वर येतो. फार नाही, चार बोटे. तो हात धर्मगुरूच्या दिशेने वळतो, क्षणभर थांबतो आणि खाली पडतो. धर्मगुरू पुढचे पान वाचू लागतो. थोड्या वेळाने तो पुन्हा एकदा घड्याळ पाहतो.

मी ते तीनदा पाहिले. माझ्या बाजूने बोलावयास सबब होती. त्या दिवशी आणखी दोन घरी जावयाचे होते, संध्याकाळी सातनंतर रस्ते बंद होत. स्पर्श टाळण्याच्या सूचना होत्या. हे सर्व खरे होते. पण मोजे घालून मी तेल लावलेच होते. त्याच हाताने तो हात धरता आला असता. आणि घड्याळ तर काही रोगप्रतिबंधासाठी पाहिले नव्हते. म्हातारबुवांना काय हवे होते? पाणी? काही सांगावयाचे होते? की नुसताच हात हवा होता? ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मी त्या घरचा दुःखात धावून येणारा फादर म्हणून ओळखला जात होतो. घरच्या कोणी मला कधी एका शब्दाने बोलले नाही. जखमेतून किंकाळी आली नव्हती.

समोर ती मुलगी होती. तिला माझ्याकडून सांत्वन हवे होते, आणि मी काय बोलावे? मी तिला म्हणालो, "बाय, तू तेव्हा लहान होतीस आणि काकांसाठी उभी होतीस. तुझ्या हातात मोबाईल होता. माझ्या हातात काय होतं? मला तो हात आज दिसला."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे फादर, तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"नव्हतं."

माझ्या या उत्तराने तिला कसला धीर आला कोण जाणे, पण आला. मोठ्या माणसाचा उपदेश जे करू शकला नाही, ते मोठ्या माणसाच्या चुकीने केले असावे. जाताना तिने विचारले, "मग आता तुम्ही काय करणार?" हा प्रश्न तिने भाबडेपणाने विचारला की प्राचार्यांच्या तालमीत तयार झालेल्या विद्यार्थिनीप्रमाणे, हे मला अद्याप कळलेले नाही. कारण तिच्या महाविद्यालयात चर्चेचा शेवट याच प्रश्नाने होतो.

वास्तविक हा प्रश्न मला नवा नसावयास हवा होता. संत इग्नाती लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यात एकेका दोषाच्या परीक्षणाची रीत दिली आहे. दिवसासाठी दोन रेघा. दुपारी व रात्री आठवून, जितक्या वेळा तो दोष घडला तितक्या खुणा त्यांवर करावयाच्या. मग दुपारची रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्याशी तुलना करावयाची. हा तक्ताच नव्हे काय? सेमिनरीत आम्ही तो शिकलो, काही वर्षे पाळलाही. मात्र त्यात एक उणीव राहते. रात्री डोळे मिटून मी तेच आठवतो, जे दिवसा माझ्या डोळ्यांना दिसले. जो हात मला दिसलाच नाही, तो माझ्या कुठल्याही रेघेवर कसा येणार? त्यासाठी दुसऱ्या कोणाचा तरी डोळा लागतो. नर्सिंगच्या मुलींना तो तिपाईवरच्या मोबाईलने दिला. मला एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने दिला, तोही काही वर्षांनी.

म्हणून आता चित्रणाचा जयजयकार करावा काय? तसे मला वाटत नाही. त्याच्या मर्यादा सिस्टर स्वतःच सांगतात. पहिल्यांदा स्वतःला पाहताना बहुतेक मुली हात पाहतच नाहीत. केस, चेहरा, अंगकाठी पाहून खट्टू होतात. म्हणून पहिले चित्रण नुसतेच पाहून सोडून द्यावयाचे, तक्ता दुसऱ्यापासून. काही मुली कॅमेऱ्यापुढे नेटके काम करतात आणि वॉर्डात पुन्हा जुन्या सवयीवर येतात. मिलर यांचे शिखर कॅमेऱ्याला सहजी दिसत नाही. केवळ स्वतःच भरलेल्या तक्त्यावरही विसंबता येत नाही. शेजारी शिक्षिकेचा तक्ता हवाच. आणि चूक दाखवून मुलीला एकटी सोडले, तर ती शिकत नाही, ती मोडते. पडदा बंद झाल्यावर शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते. शिवाय ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याचे हात रिकामे नसतात, हे त्या मुलीने मला शिकविले. लग्नात, दफनविधीत, आजाऱ्याच्या खाटेपाशी आज आपल्या सर्वांच्याच हातात तो असतो. आपण किती हात असे सोडून देत असू!

त्या मुलीने नर्सिंग सोडले नाही. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा पट्टी बदलून दाखविली. तिच्या दुसऱ्या तक्त्यावर स्वतःच्या सोळा खुणा होत्या आणि शिक्षिकेच्याही सोळाच. संख्या वाढली यापेक्षा ती जुळली, याचा सिस्टरांना अधिक आनंद झाला. ज्या परिचारिकेला आपले काय चुकते हे कळते, तिला रात्रपाळीत एकटी सोडता येते, असे त्या म्हणाल्या.

मी काय केले? रुग्णाभ्यंगाच्या तेलाची जी छोटी पिशवी मी घेऊन जातो, तिच्यात आता पुठ्ठ्याचा एक तुकडा असतो. त्यावर पाचच बाबी आहेत : बसलो का, नावाने हाक मारली का, हात धरला का, थोडा वेळ गप्प राहिलो का. पाचवी बाब मी मुलींच्या तक्त्यातून उचलली आहे. त्यांच्या तक्त्याची सुरुवातच अशी असते : 'हात धुण्यापूर्वी घड्याळ, अंगठी, बांगड्या काढल्या का?' त्याचे कारण, घड्याळाच्या पट्ट्याखाली साबण पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे साबण-पाण्याने हात धुवावयास चाळीस ते साठ सेकंद लागतात. मी आता आजाऱ्याच्या घरी पोहोचल्यावर मोरीपाशी उभा राहून तेवढा वेळ हात धुतो. त्यापूर्वी घड्याळ काढून खिशात ठेवतो. आणि निघेपर्यंत ते खिशातच राहते.

घरी परतल्यावर मी खुणा करतो. अद्याप एकदाही पाचही झालेल्या नाहीत. मागच्या आठवड्यात एका आजीबाईंकडे गेलो होतो. हात धरला, बसलो, नावाने हाक मारली. पण गप्प राहणे काही जमले नाही, फार बोललो. ती जागा कोरी आहे. त्यांची सून दारापर्यंत पोहोचवावयास आली होती. तिला मी विचारले, "आजींना काही सांगायचं होतं का? माझ्या लक्षात आलं नसेल." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो फादर. त्यांना तुम्हाला आत्ताच काही तरी विचारायचं होतं."

मी पुन्हा आत गेलो.